जगायला जाताना कोणाला न्यायचे?

भाताची झोडणी संपली की हरसूलच्या आठवडे बाजारात वेगळी खरेदी सुरू होते. ताडपत्री, पाण्याचा कॅन, जाड घोंगडी, मिठाची पिशवी, लहान मुलाची टोपी. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील या भागात पाऊस धो धो पडतो आणि डोंगरउतारावरून वाहून जातो. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके घरात आली की शेतातले काम संपते. पुढचे सहा-सात महिने हाताला काम हवे तर घाट ओलांडून गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत, नाशिकमधल्या बांधकामांवर किंवा ठाणे-पालघरकडच्या वीटभट्ट्यांवर जावे लागते. या जाण्याला आदिवासी पाड्यांवर ‘जगायला जाणे’ असे म्हणतात.

जायचे की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत नसतोच. खरा प्रश्न असतो, कोणी कोणी जायचे. तो सोडवताना मजुरीचा दर, मुकादमाकडून घेतलेली उचल, गाडीभाडे, मागे राहणारी जनावरे यांचा हिशेब होतो. घरातल्या प्रत्येकाचे वय, दुखणे, सुरू असलेले औषध यांचा हिशेब मात्र सहसा होत नाही. मे महिन्यात कुटुंब परतते तेव्हा तो राहिलेला हिशेब लहान मुलाच्या दंडाच्या घेरात किंवा अर्धवट सुटलेल्या गोळ्यांच्या पाकिटात दिसतो.

असे एक घर डोळ्यासमोर आणू. नवरा-बायको, १४ महिन्यांची मुलगी, आश्रमशाळेत चौथीत शिकणारा मुलगा आणि म्हातारी आजी. नवऱ्याला क्षयरोग झाला होता. औषध सुरू होऊन तिसरा महिना लागला आहे. ताप गेला, खोकला थांबला, वजनही भरू लागले. उचल घेऊन झाली आहे आणि बागाईतदाराला जोडपे हवे आहे. आजी म्हणते, मुलगी माझ्यापाशी राहू द्या. आईचा जीव होत नाही. असे घर हरसूलच्या आसपास कोणत्याही पाड्यावर सापडेल. या घरापुढे मोकळे असलेले मार्ग आरोग्याच्या अंगाने तपासून पाहू.

मुलगी आईबरोबर की आजीपाशी?

जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा काळ मुलाच्या वाढीसाठी सर्वांत नाजूक असतो. त्यातही सहा महिने ते दोन वर्षे हा टप्पा अवघड. या वयात केवळ आईचे दूध पुरत नाही आणि मोठ्यांच्या जेवणाच्या वेळाही चालत नाहीत. मुलाचे पोट लहान असते. एका वेळी वाटीभरापेक्षा फार जास्त मावत नाही. म्हणून वर्षाच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर, थोडे तेल घातलेले अन्न आणि मध्ये एखादा खाऊ लागतो.

द्राक्षबागेत सकाळी सातला काम सुरू होते. मूल बांधावर झोळीत असते किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. आई दुपारच्या सुटीत पाजते, भाकरीचा तुकडा किंवा बिस्कीट हातात देते आणि पुन्हा कामाला लागते. चार वेळचे खाणे दोन वेळांवर येते. त्यात शेततळ्याचे पाणी पिण्यात आले की जुलाब लागतात. जुलाबात भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, वजन घटते. वजन घटले की पुढचा आजार लवकर गाठतो. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांचा हात धरून येतात ते असे. दोन-तीन महिन्यांत धडधाकट मूल तीव्र कुपोषणाच्या रेषेखाली जाऊ शकते.

मग मुलीला आजीपाशी ठेवणे बरे का? गावात अंगणवाडी आहे, ओळखीची सेविका आहे, आशाताई घरी येते. अनुसूचित क्षेत्रातील गावांत २०१५पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू आहे. तीत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस गरम जेवण आणि सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ठराविक दिवशी अंडी किंवा केळी मिळतात. निफाडच्या बागेत किंवा नाशिक शहरात गेलेल्या कुटुंबाला ही योजना लागू होत नाही, कारण तो भाग अनुसूचित क्षेत्राबाहेर आहे. म्हणजे ज्या महिन्यांत आई जास्त राबते, नेमका त्याच महिन्यांत तिचा आणि मुलाचा हा घास सुटतो.

पण आजीपाशी ठेवण्याची किंमतही लहान नाही. १४ महिन्यांच्या मुलीचे अंगावरचे दूध एका दिवसात तुटते. दुसऱ्या वर्षातही आईचे दूध मुलाच्या उष्मांकांच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा भागवते, शिवाय आजारपणात मूल दुसरे काही खात नाही तेव्हा दूधच त्याला तारते. आजी थकलेली असेल, तिला नीट दिसत नसेल, पाणी लांबून आणावे लागत असेल, तर चार वेळा भरवणे तिलाही जमत नाही.

म्हणून सरसकट उत्तर नाही. वयाप्रमाणे उत्तर बदलते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईपासून तोडू नये आणि त्या आईने शक्य तोवर हंगामाला जाऊच नये. सहा महिने ते दोन वर्षांचे मूल आईबरोबरच असावे. आई गेली तर मूल बरोबर जावे आणि जवळ अंगणवाडी असलेले ठिकाण निवडावे. असे ठिकाण मिळत नसेल तर आईने त्या हंगामापुरते गावाजवळच काम शोधणे मुलाच्या हिताचे. तीन वर्षांवरचे मूल, आजी-आजोबा सशक्त असतील आणि अंगणवाडी नियमित भरत असेल तर, गावात राहिलेले चांगले. आश्रमशाळेतील मुलाला तर मध्येच उठवून नेऊच नये. त्याचे दोन वेळचे जेवण आणि वर्ग दोन्ही तिथे आहेत.

औषध सोडून निघू नये

क्षयरोगाच्या साध्या प्रकारात उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून रुग्णाला बरे वाटते. जे उरतात ते चिवट असतात आणि त्यांच्यासाठीच पुढचे चार महिने असतात. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो आणि काही वेळा नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू शिल्लक राहतात. तो उपचार कितीतरी कठीण. दिवाळीनंतरच्या स्थलांतरात नेमके हेच घडते: बरे वाटू लागणे आणि गाडीत बसणे एकाच सुमारास येते.

हे टाळण्यासाठी काम सोडण्याची गरज नसते. प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद ‘निक्षय’ या देशभरच्या संगणकीय यादीत असते. निघण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन कुठे जाणार ते सांगितले, तर रुग्णाची नोंद त्या भागातल्या केंद्राकडे वर्ग होते आणि गोळ्या तिथे मोफत मिळतात. पोषण आहारासाठी मिळणारे पैसेही थेट बँक खात्यात येत असल्याने गाव सुटले म्हणून थांबत नाहीत. २०१८मध्ये ही मदत दरमहा ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४पासून ती १००० रुपये झाली. हाती दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या, निक्षय क्रमांक लिहिलेला कागद आणि नव्या केंद्राचा पत्ता, एवढे घेऊन निघावे.

या घरात आणखी एक गोष्ट विसरली जाण्याची शक्यता आहे. क्षयरुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालच्या मुलाला आजार झालेला नाही याची तपासणी करून प्रतिबंधक औषध दिले जाते. म्हणजे बापाच्या गोळ्यांबरोबर १४ महिन्यांच्या मुलीचेही औषध चालू असू शकते. बापाची नोंद वर्ग झाली आणि मुलीची राहिली, असे होऊ नये.

सिकलसेल असलेल्या माणसाचा निर्णय आणखी काळजीने घ्यावा लागतो. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. या आजारात अंगातले पाणी कमी झाले, फार थंडी वाजली किंवा अतिश्रम झाले की लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. डिसेंबरच्या पहाटेची बाग आणि एप्रिलच्या दुपारचे बांधकाम या दोन्ही ठिकाणी असे झटके येऊ शकतात. केवळ वाहक असलेल्याला सहसा त्रास होत नाही. प्रत्यक्ष रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचल घेऊ नये. आपण वाहक आहोत की रुग्ण, हे तपासणीच्या कार्डावर लिहिलेले असते.

डोस जानेवारीत येतो

आपल्या डोळ्यासमोरची मुलगी नोव्हेंबरमध्ये १४ महिन्यांची आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात झाला. दुसरा डोस आणि घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांदरम्यान द्यायचा असतो. जीवनसत्त्व ‘अ’चा पुढचा डोसही त्याच सुमारास. म्हणजे तो जानेवारीत येतो, मुलगी बागेत असताना. मे महिन्यात परत आल्यावरही तो देता येतो, पण मधले चार-पाच महिने ती गर्दीच्या तळावर अर्ध्या संरक्षणात राहते. २०२२च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली तेव्हा लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलेच प्रामुख्याने आजारी पडली. गोवर गेल्यावरही मुलाची इतर रोगांशी लढण्याची ताकद काही महिने खालावलेली राहते. आधीच अशक्त मुलाला हे परवडत नाही.

लस कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते. त्यासाठी त्या गावचा रहिवासी असावे लागत नाही. लागते ते माता व बाल संरक्षण कार्ड. ते घरी पत्र्याच्या पेटीत राहिले की नव्या ठिकाणच्या परिचारिकेला आधी काय दिले ते कळत नाही. हे कार्ड सोबत घ्यावे आणि मोबाइलमध्ये त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

अंगणवाडीचेही तसेच. ‘पोषण ट्रॅकर’मध्ये मुलाचे नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी सेविकेला सांगून दंडाचा घेर मोजून घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण. असे मूल स्थलांतरावर नेऊ नये. आधी उपचार, गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्र. ११.५ ते १२.५च्या मध्ये असेल तर मूल काठावर आहे असे समजावे आणि महिन्याला पुन्हा मोजावे.

बागेतले आणि तळावरचे धोके

द्राक्षाच्या फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती कातडीला झोंबते, डोळ्यांत गेली तर इजा करते. तिचा आणखी एक गुण मजुरांना माहीत असायला हवा. पेस्टिंग केलेल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. शरीरात दारूचे जे विघटन व्हायचे ते हे रसायन अडवते. दमलेल्या माणसाने संध्याकाळी घेतलेला घोट यामुळे रुग्णालयात नेऊ शकतो. पेस्टिंग आणि फवारणी गरोदर बाईने करूच नये. इतरांनी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि काम संपताच साबणाने अंघोळ हे नियम पाळावेत. हातमोजे देणे हे बागाईतदाराचे काम आहे, मजुराने मागून घेण्याची वेळ येऊ नये.

तळावर जमिनीवर झोपणे हा दुसरा धोका. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसतेच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशी लक्षणे दिसली की वेळ न घालवता १०८ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. खाट किंवा फळ्यांचा माच, आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा स्वस्त आणि उत्तम बचाव आहे.

पाणी उकळून किंवा मेडिक्लोरचे थेंब टाकून प्यावे. जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी द्यावी, अंगावरचे दूध चालूच ठेवावे. ओआरएसची चार पाकिटे निघतानाच आशाताईकडून घ्यावीत.

एक पोते नागलीचेही सोबत असावे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात त्या मानाने नगण्य. डोंगरात सहज मिळणारी रानभाजी, खेकडे, मासळी बागेच्या गावात मिळत नाहीत आणि त्यांची जागा पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा घेतो. मुलीला नागलीची पेज आणि उडदाची आमटी मिळत राहिली तर निम्मी काळजी मिटते. स्वस्त धान्यासाठी आता गावी परत यावे लागत नाही. त्याच रेशनकार्डावर अंगठा लावून कामाच्या गावच्या दुकानातून धान्य घेता येते आणि उरलेला वाटा मागे राहिलेली आजी गावात घेऊ शकते.

रोज ये-जा, की कायमचे नाशिक?

काही घरे तिसरा मार्ग धरतात. गिरणारे येथे सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पहाटे जीप धरून तिथे जायचे, मिळेल ते काम करायचे आणि रात्री परतायचे. मूल रात्री आईजवळ राहते, रेशन आणि अंगणवाडी सुटत नाही. पण दोन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर आई मिळत नाही, झोप तुटते आणि खच्चून भरलेल्या गाडीतून घाटाचा प्रवास रोजचा होतो. मूल अडीच-तीन वर्षांचे झाल्यावर हा मार्ग बरा. त्याआधी आठवड्यातले काही दिवसच.

चौथा मार्ग म्हणजे नाशिकमध्ये खोली घेऊन कायमचे राहणे. जिल्हा रुग्णालय आणि महापालिकेची रुग्णालये हाताशी येतात. डायलिसिस, कर्करोगाचे उपचार, मुलाचे हृदयाचे ऑपरेशन, पुन्हा पुन्हा लागणारी तपासणी, अशा कारणांनी एखाद्या घराने शहर निवडले तर ते योग्यच. पण एका खोलीत पाच माणसे, खिडकी नाही, चूल आत, अशी सोय असेल तर क्षयरोग आणि न्यूमोनिया दोन्हींना वाट मिळते. शिवाय आजी, काकू, शेजारीण हा गावातला न दिसणारा पाळणाघराचा आधार शहरात तुटतो. खोली बघताना भाड्याआधी उजेड, हवा, पाणी आणि जवळची अंगणवाडी बघावी.

गरोदर बाईसाठी नियम सोपा ठेवावा. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, किमान चार तपासण्या, लोहाच्या गोळ्या रोज. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर प्रवास नाही, आधी उपचार. बाळंतपण कुठे व्हायचे ते आधी ठरवून दिवस भरण्याच्या महिनाभर आधी त्या ठिकाणी पोहोचावे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, रक्त आणि वाहन मोफत आहे. हा हक्क २०११पासून आहे आणि तो पत्ता विचारत नाही.

गावात राहिले म्हणजे सारे ठीक, असे मात्र कोणी समजू नये. हाताला काम नसलेल्या घरात तेल आणि डाळ दोन्ही संपतात आणि आषाढ-श्रावणात चूल कशीबशी पेटते. बागेतून आणलेल्या पैशावरच अनेक मुलांचे पावसाळ्यातले पोट भरते. म्हणून ‘जाऊ नका’ असे सांगणारा सल्ला कोणाच्या उपयोगाचा नाही.

आपल्या डोळ्यासमोरच्या घराने काय करावे? नवऱ्याने निक्षयची नोंद वर्ग करून घ्यावी, गोळ्या घ्याव्यात आणि सुरुवातीला हलक्या कामाचे बोलून जावे. मुलगा आश्रमशाळेत राहावा. आईने या हंगामात मुलीसह मागे राहून हरसूलच्या जवळपास मिळेल ते काम आणि रोजगार हमीची मागणी करावी, हे सर्वांत सुरक्षित. जोडप्याची उचल फिटत नसेल आणि तिला जावेच लागले, तर मुलगी तिच्याबरोबर जावी, बाग अंगणवाडीच्या जवळची असावी आणि दुपारच्या सुटीखेरीज सकाळ-संध्याकाळी भरवण्यापुरता वेळ देण्याचे बागाईतदाराकडून आधीच ठरवून घ्यावे. बागेच्या मालकाला यात दिवसाचा पाऊण तास द्यावा लागतो.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी भांडी, घोंगडी, ताडपत्री बांधली जाते. त्याच गाठोड्यात एक प्लास्टिकची पिशवी असावी: माता व बाल संरक्षण कार्ड, निक्षयचा कागद, सिकलसेलचे कार्ड, रेशनकार्ड, आधार, उरलेल्या गोळ्या, ओआरएस. ती वर, हाताला लागेल अशी ठेवावी.